हॉलंडची जुनी चिनी मातीची भांडी: ओळख, जुळणी आणि संच पुरा करणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथे 'जुनी' म्हणजे साधारण १८४० ते १९६० या काळातली, जेवणाच्या टेबलावर वापरलेली डच भांडी. त्याआधीच्या दुर्मीळ वस्तूंबद्दल प्रश्न १४ पहा. उत्तरे सुटी वाचता येतील अशी लिहिली आहेत; जिथे विषय दुसरीकडे आला आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या ताटामागे 'मेड इन हॉलंड' लिहिलंय. म्हणजे ते डेल्फ्टचं का?

बहुधा नाही. हॉलंड म्हटले की डेल्फ्ट हे निळ्या-पांढऱ्या मातीकामाचे शहर आठवते, पण रोजच्या जेवणाची भांडी ढिगाने बनली ती मास्ट्रिख्ट शहरात, देशाच्या दक्षिण टोकाला, मास नदीच्या काठी. तिथे तीन नावे महत्त्वाची. पेट्रस रेगूचा मातीकामाचा कारखाना १८३६चा. तोच १८९९ पासून 'द स्फिंक्स' या नावाची कंपनी झाला. सोसिएते सेरामिक हे नाव १८६३ पासूनचे. तो कारखाना नदीच्या पलीकडच्या काठावर होता. आणि लुई रेगूने १८८३ मध्ये काढलेला मोसा पोर्सेलिनसाठी (उजेड पार होणाऱ्या कडक चिनी मातीसाठी) ओळखला जातो. डेल्फ्टमध्ये त्या काळात मोठा असा एकच जुना कारखाना तगून होता, द पोर्सेलाइन फ्लेस (स्थापना १६५३), आणि त्याचा जोर हाताने रंगवलेल्या शोभेच्या वस्तूंवर होता.

मुंबईच्या चोर बाजारात अधूनमधून जे डच वाडगे आणि ताटे दिसतात, तीही बहुतेक मास्ट्रिख्टचीच असतात. रेगूच्या मालाची आशियात मोठी निर्यात होत असे.

२. अर्दनवेअर (उजेड पार न होणारी, पाणी शोषणारी भाजलेली माती), पोर्सेलिन आणि खरं जुनं डेल्फ्ट घरच्या घरी कसं ओळखायचं?

अंधाऱ्या खोलीत ताटामागे मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून बोटांची सावली दिसते का पाहा. दिसली तर पोर्सेलिन. काहीच दिसले नाही तर बहुतेक अर्दनवेअर. मास्ट्रिख्टची बरीचशी भांडी याच जातीची.

मग टवका उडालेली जागा शोधा. मास्ट्रिख्टच्या अर्दनवेअरमध्ये आतली माती पांढरी किंवा सायीच्या रंगाची असते आणि वरची झिलई पारदर्शक. सतराव्या-अठराव्या शतकातल्या डेल्फ्टमध्ये माती पिवळसर, मऊ असते आणि पांढरेपणा सगळा वरच्या कथिलाच्या झिलईचा असतो. त्यामुळे काठावर झिलई उडालेली बारीक पिवळट ठिपक्यांची रांग दिसते. असा काठ मास्ट्रिख्टच्या ताटाला कधीच नसतो.

ताट तीन बोटांवर तोलून काठाला नखाने हलके टिचकी मारा. पोर्सेलिन घणघणते, अर्दनवेअर आखूड आवाज देते, आणि घोगरा, मेलेला आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. ही चाचणी ताट विकत घेण्याआधी करायची. घरी आणल्यावर तिचा उपयोग फक्त मन खट्टू करण्यापुरता.

३. मागचा ठसा वाचताना काय काय टिपून ठेवायचं?

एकाच ताटावर तीन प्रकारच्या खुणा असू शकतात. छापील ठसा: नाव, चिन्ह, शहर, कधी नक्षीचे नाव. मातीत दाबलेला ठसा: ओल्या मातीवर उमटवलेला, झिलईखाली बुजलेला. आणि ब्रशने किंवा रबरी शिक्क्याने काढलेले आकडे-अक्षरे.

दाबलेला ठसा वाचायला टॉर्च ताटाला समांतर, अगदी बाजूने धरा. पेन्सिल घासून ठसा उठवू नका; झिलईला जाळीदार भेगा असतील तर पेन्सिलीची काळी पूड आत जाते आणि निघत नाही.

आकड्यांवरून घाई नको. '१८' म्हणजे १८१८ नव्हे. हे आकडे बहुतेक वेळा आकाराचा क्रमांक, मापाचा क्रमांक किंवा कारागिराची खूण असतात.

४. ठशावरून नेमकं साल कळतं का?

मास्ट्रिख्टच्या भांड्यांवर छापील ठशावरून सहसा साल कळत नाही, कालखंड कळतो. त्यातही काही ठरलेले सापळे आहेत.

'पेट्रस रेगू' हे नाव पाहून लोक १८९९ पूर्वीचे साल लावतात. चूक. कंपनीचे नाव बदलल्यावरही ते नाव ठशात विसाव्या शतकात चालू राहिले. स्फिंक्सचे चिन्ह, म्हणजे पाय पुढे टाकून बसलेला, माणसाच्या तोंडाचा सिंह, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात आले. त्यामुळे ते असेल तर ताट १८५०चे नाही एवढे नक्की. शहराच्या स्पेलिंगवरूनही काळ ठरवू नका: सोसिएते सेरामिकने 'माएस्ट्रिख्ट' असे जुन्या वळणाचे स्पेलिंग विसाव्या शतकातही सोडले नव्हते.

'हॉलंड' हा देशाचा उल्लेख असेल तर ताट बहुधा १८९१ नंतरचे, कारण त्या साली अमेरिकेत आयात मालावर देशाचे नाव लिहिणे सक्तीचे झाले आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांनी ठसे बदलले. 'मेड इन हॉलंड' असे पूर्ण शब्द विसाव्या शतकाकडे बोट दाखवतात. मात्र उलटे खरे नाही: देशाचे नाव नसलेले ताट स्थानिक विक्रीसाठी नंतरही बनलेले असू शकते.

स्फिंक्स आणि सोसिएते सेरामिक १९५८ मध्ये एकत्र आले, म्हणून 'स्फिंक्स-सेरामिक' असे जोडनाव त्यानंतरचेच. १९६९ मध्ये स्फिंक्सने जेवणाची भांडी बनवणे थांबवले. 'रॉयल स्फिंक्स' सोबत 'बॉख' हे नाव असेल तर ते ताट बेल्जियमच्या बॉख कारखान्यात बनलेले आहे. वापरायला उत्तम, पण 'जुने मास्ट्रिख्ट' म्हणून पैसे मोजू नका.

साल नेमके सांगणारा अपवाद म्हणजे द पोर्सेलाइन फ्लेस. योस्ट थोफ्टने १८७६ मध्ये तो कारखाना घेतला. त्याच्या ठशात छोटी बाटली, तिच्याखाली त्याच्या आद्याक्षरांची गुंफण आणि 'डेल्फ्ट' हा शब्द असतो; १८७९ पासून शेजारी सालाचे अक्षर येते, पहिल्या साली 'ए'. पुढे अक्षरे संपल्यावर दोन-दोन अक्षरे वापरली गेली.

५. नक्षीचं नाव ठशात नाही. मग शोधायचं कसं?

आधी तंत्र ओळखा, मग चित्र. बारीक रेघांचे, कोरीव दिसणारे चित्र असेल तर ते तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर घेऊन भांड्यावर उतरवलेले छापकाम आहे. काठाच्या पट्ट्यात कुठेतरी सांधा दिसतो, फुलाची अर्धीच पाकळी राहिलेली असते. तो दोष नाही, खूण आहे. कापलेल्या स्पंजाने उठवलेली फुले पुन्हा पुन्हा तंतोतंत तीच, पण कडेला ठिपकेदार असतात. ब्रशने रंगवलेल्या कामात दोन फुले कधीच सारखी नसतात.

शोधताना मधल्या चित्रापेक्षा काठाच्या नक्षीचे वर्णन करा. मधली चित्रे, विशेषतः चिनी पूल आणि झाडाची 'विलो' नक्षी, इंग्लंडपासून अनेकांनी छापली. काठ मात्र कारखान्यागणिक वेगळा पडतो. रेगूच्या पूर्वेकडच्या धाटणीच्या नक्षींत 'पायोंग', 'तिमोर' ही नावे वारंवार येतात. 'बुरेनबॉन्ट', म्हणजे गडद लाल-पिवळ्या-निळ्या फुलांची हाताने रंगवलेली ताटे, अनेक कारखान्यांनी अनेक दशके केली आणि आजही होतात. तिथे नक्षीचे नाव जवळजवळ काहीच सांगत नाही, ठसाच पाहावा लागतो.

तुलनेसाठी मास्ट्रिख्टच्या सेंटर सेरामिकमधला स्थानिक भांड्यांचा संग्रह आणि लीवार्डन शहरातले प्रिन्सेसहॉफ हे मातीकामाचे संग्रहालय उपयोगी आहे.

६. नक्षी तीच, ठसा तोच, तरी नवीन घेतलेली ताटं जुन्यांबरोबर जुळत नाहीत. का?

कारण नक्षी आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखाना एकच छाप वेगवेगळ्या आकारांच्या ताटांवर उतरवत असे: सरळ काठ, लहरी काठ, अष्टकोनी, उथळ, खोल. नक्षीच्या नावावर मागवलेल्या ताटांपैकी बरीच परत जातात ती याच कारणाने.

दुसरे, माती भाजताना आकसते. भट्टीतल्या जागेनुसार आणि त्या दिवशीच्या मातीनुसार हे आकसणे थोडे बदलते, म्हणून एकाच साच्यातल्या ताटांत २–३ मिलिमीटरचा फरक स्वाभाविक आहे. ५ मिलिमीटरच्या वर गेला तर साचाच वेगळा समजा.

तिसरे, रंग. कोबाल्टचा निळा जास्त तापला की गडद होतो आणि कडेला पसरतो. आतली मातीही एकसारखी नाही. एकोणिसाव्या शतकातली ताटे अनेकदा किंचित निळसर पांढरी, नंतरची सायीच्या रंगाची. एकेक पाहताना हे कळत नाही, शेजारी ठेवले की लगेच डोळ्यांत भरते.

म्हणून खरेदीआधी आपल्या ताटाची एक नोंद करून ठेवा: बाहेरचा व्यास, टेबलापासून काठाची उंची, मधल्या सपाट भागाचा व्यास, मागच्या बुडाच्या कडीचा व्यास आणि वजन ग्रॅममध्ये. या पाच आकड्यांपैकी बुडाची कडी सर्वांत बोलकी; विक्रेते ती कधीच सांगत नाहीत, विचारावी लागते. कडीचा व्यास जुळला तर ताटे एकावर एक नीट बसतात, आणि रचलेल्या चळतीत डगमगणारे ताट कितीही देखणे असले तरी संचातले वाटत नाही. रंगासाठी विक्रेत्याकडून दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदावर ठेवलेला फोटो मागा. ट्यूबलाइटखालचा निळा रंग फसवतो.

७. पूर्ण संच म्हणजे नेमके किती नग?

ठरलेला आकडा नाही. घराण्याच्या ऐपतीप्रमाणे संच मागवला जाई आणि पुढे भर पडत जाई. तरी डच घरातल्या जेवणाच्या संचात साधारण हे असते: सपाट ताटे, सुपाची खोल ताटे, नाश्त्याच्या किंवा गोडाच्या लहान ताटल्या, सुपाचे झाकणाचे मोठे भांडे, भाजीसाठी दोन झाकणाची भांडी, मांसासाठी चढत्या मापाच्या लंबगोल थाळ्या, रस्सा वाढायचे चोचीचे भांडे (बऱ्याचदा खालची बशी त्याला चिकटलेलीच असते) आणि लोणच्यासाठी एखादी छोटी लांबट बशी. माणसे ६ किंवा १२. सपाट ताटे माणशी दोन असत, म्हणून २४ सपाट आणि १२ खोल असे प्रमाण दिसले तर काही हरवले आहे असे समजू नका.

चहाचा संच वेगळा धरावा. किटली, दुधाचे भांडे, साखरेचे भांडे, कप-बश्या आणि जुन्या संचात उरलेला चहा ओतायचा वाडगा. हा वाडगा लोक भाताचा समजून वेगळा विकतात. स्वस्तात मिळायची ती एक जागा.

८. आधी काय घ्यावं आणि कशासाठी थांबावं?

झाकणाची भांडी दिसली की घ्या, थांबू नका. झाकण फुटले की भांडे कपाटात मागे जाते आणि मग हरवते, म्हणून झाकणासकट शाबूत सुपाचे भांडे बाजारात सर्वांत कमी येते. त्यानंतर कप, कारण कान तुटतो आणि बशी उरते. सपाट ताटे शेवटी. ती नेहमी मिळत राहतात. ६ जणांच्या संचाला ८ ताटे घेऊन ठेवा. दोन तुटली तर पुन्हा शोधाशोध नको.

फक्त एकच नियम कडक पाळावा: जो नग संचातल्या सर्वाधिक ताटांच्या आकाराशी जुळतो तोच घ्यायचा. प्रत्येक वेळी 'जवळपास तसाच' नग घेत गेलात तर वर्षभरात चार अर्धे संच होतात.

९. झाकण सुटं मिळतंय. माझ्या भांड्यावर बसेल का?

बाहेरच्या काठाचे माप निरुपयोगी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला खाली उतरणारी जी गोल कडी असते तिचा बाहेरचा व्यास मोजा आणि भांड्याच्या तोंडाचा आतला व्यास मोजा. झाकणाचे माप भांड्यापेक्षा २–३ मिलिमीटरने कमी हवे. बरोबर तितकेच असेल तर ते अडकेल आणि काढताना काठाचा टवका उडेल. ५ मिलिमीटरने कमी असेल तर खडखडेल.

तोंड लंबगोल असेल तर दोन्ही व्यास मोजा, कारण भट्टीत लंबगोल भांडी वाकतात. अशी झाकणे एकाच दिशेने नीट बसतात. उलटे फिरवून पाहिल्याशिवाय 'बसत नाही' म्हणू नका. सुपाच्या झाकणाला डावाच्या दांड्यासाठी काठात खाच असते, भाजीच्या झाकणाला नसते. किटलीच्या झाकणाला वाफेचे भोक आणि कधी आतून एक दात असतो. तो दात नसेल तर ओतताना झाकण कपात पडते.

१०. कप आणि बश्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतल्या तर चालेल?

चालेल. कपाच्या बुडाची कडी बशीतल्या खळगीत सैल पण न सरकता बसली पाहिजे. कॉफीच्या आणि चहाच्या बशीची खळगी वेगळ्या मापाची असते, घोळ तिथेच होतो. कपांवर ठसा नसणे नेहमीचे आहे. बशीवर ठसा आहे आणि कपावर नाही एवढ्यावरून कप बाहेरचा ठरवू नका. मातीचा रंग, झिलईची छटा आणि नक्षीची रेघ पाहा.

११. डच विक्रेत्यांकडे शोधताना कोणते शब्द वापरायचे?

संचाला 'सर्व्हीस', सपाट ताटाला 'प्लाट बोर्ड', खोल ताटाला 'डीप बोर्ड', सुपाच्या भांड्याला 'सूपतेरिन', भाजीच्या झाकणाच्या भांड्याला 'डेकस्खाल', रश्श्याच्या भांड्याला 'ज्यूकोम', कप-बशीला 'कॉप एन स्खोटेल' आणि नुसत्या झाकणाला 'डेक्सेल'. वर्णनात 'हारलाइन' आले तर केसाएवढी चीर आहे, 'स्खिल्फर' आले तर टवका आणि 'खेलाइम्ड' आले तर चिकटवलेले. मार्क्टप्लाट्स या जाहिरातींच्या डच स्थळावर घरोघरचे संच निघतात, पण अनेक विक्रेते फक्त हातोहात देतात. तिथे राहणारे नातेवाईक किंवा मित्र असतील तर काम सोपे.

पाठवायला सांगताना पॅकिंगही सांगा. ताटे आडवी रचून पाठवली की खालचे फुटते. प्रत्येक ताट गुंडाळून, कडेवर उभे, दोन खोक्यांत. दोन खोक्यांमध्ये चारी बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर भरण. झाकण भांड्यावर ठेवून कधीच पाठवू नये, वेगळे गुंडाळावे.

१२. झिलईत जाळीदार भेगा आणि तपकिरी डाग आहेत. निघतात का?

भेगा निघत नाहीत. माती ओल धरून काळाच्या ओघात किंचित फुगते, झिलई फुगत नाही, म्हणून ती तडकते. डाग मात्र बऱ्याचदा फिके होतात.

ताट एक दिवस साध्या पाण्यात भिजवा, म्हणजे पुढचे द्रव डाग आणखी आत ढकलणार नाही. मग केमिस्टकडचे ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा त्यात तेवढेच पाणी घालून ३ टक्के, प्लॅस्टिकच्या डब्यात घेऊन ताट पूर्ण बुडवा. हातमोजे घाला. झाकण सैल ठेवा, वायू साचतो. अंधारात ठेवा; चार दिवसांपासून दोन आठवडे लागतात. नंतर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून. शेवटी आठवडाभर सावलीत वाळवा. डाग वाळताना पुन्हा वर येतो; तेव्हा सगळे परत एकदा.

कपड्यांचे ब्लीच वापरू नका. त्यातले क्षार मातीत राहतात, वाळताना स्फटिक होतात आणि झिलईचे पापुद्रे उडवतात. हे नुकसान महिन्यांनी दिसते, म्हणून ब्लीचवर कुणी संशय घेत नाही. सोनेरी काठ, चिकटवलेले नग आणि तुकडे जोडायला लोखंडी क्रॅम्प (टाके) मारलेले नग पेरॉक्साइडमध्येही नको.

१३. यात जेवलं तर चालेल का?

जुन्या अर्दनवेअरच्या झिलईत शिसे असू शकते आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. लोणचे, चिंच-कोकमाचे पदार्थ, दही, लिंबाचे सरबत या भांड्यांत ठेवू नका. शाबूत झिलईच्या ताटात कोरडा फराळ, केक, बिस्किटे वाढायला हरकत नाही. रोज वापरायची असतील तर प्रयोगशाळेत शिशाची तपासणी करून घ्या. भेगाळलेली ताटे शोभेपुरती ठेवा. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्ही वर्ज्य: भेगांतले पाणी तापून झिलई उडते आणि सोनेरी काठ दोन-चार धुण्यांत जातो.

१४. एक नग वेस्प, लोसड्रेख्ट, आम्स्टेल किंवा रोझेनबर्गचा वाटतोय. त्याचा संच पुरा करायचा का?

नाही. वेस्पचे पोर्सेलिन १७५९ ते १७७१ एवढ्याच काळातले. १७७४ मध्ये लोसड्रेख्टला योहानेस दे मोल या पाद्रीने ते काम पुढे नेले आणि १७८४ पासून ते आम्स्टेलला गेले. हेगच्या रोझेनबर्गचे अंड्याच्या कवचासारखे पातळ पोर्सेलिन १८९९ नंतरचे. हे सगळे संग्राहकांचे क्षेत्र आहे आणि सुटे नगही महाग असतात. धुऊ नका, चिकटवू नका, जाणकाराला दाखवा.

१५. थाळीवर 'व्हीओसी' (डच ईस्ट इंडिया कंपनीची) अक्षरं आहेत. घरचे म्हणतात ती वेंगुर्ल्याच्या डच वखारीतली.

वेंगुर्ल्याची वखार सतराव्या शतकातली, आणि डच ईस्ट इंडिया कंपनी १७९९ मध्येच संपली. त्यामुळे रेगूचा किंवा सोसिएते सेरामिकचा ठसा असलेले ताट त्या वखारीतले असूच शकत नाही. कंपनीची अक्षरे असलेल्या खऱ्या जुन्या थाळ्या प्रामुख्याने जपानच्या आरिता भागातल्या निळ्या-पांढऱ्या पोर्सेलिनच्या आहेत, आणि त्यांच्या नकला खूप निघाल्या. बुडाच्या कडीवरची झीज पाहा: खरी झीज असमान असते, नकलेत सँडपेपरने घासल्यासारख्या एकाच दिशेच्या रेघा दिसतात.

१६. आजीची डच ताटं मुलीकडे परदेशात पाठवायची आहेत. अडचण येईल का?

येऊ शकते. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू मुळात परदेशी बनावटीची असली तरी. शंभरच्या आतली असतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असे प्रमाणपत्र आधी घ्यावे. अर्जाबरोबर ठशाचे स्पष्ट फोटो द्या. 'स्फिंक्स-सेरामिक' किंवा 'बॉख' ठसा असेल तर वय सांगणे सोपे जाते (प्रश्न ४).

१७. दोन ताटं काही केल्या मिळत नाहीत. आता?

दोन मार्ग. त्याच कारखान्याच्या त्याच आकाराची, नक्षी नसलेली पांढरी ताटे घ्या. आकार आणि मातीचा रंग जुळला की नक्षीचा अभाव टेबलावर खटकत नाही. किंवा त्याच नक्षीतली वेगळ्या रंगाची ताटे मुद्दाम एकाआड एक मांडा, निळी-लाल. हे दोन्ही चालते. निळ्या संचात 'थोडी वेगळी निळी' ताटे मात्र मिसळू नका. तीच सर्वांत आधी नजरेत येतात.